दोन ब्रेकांची मोटार

मी एक जुनी मोटार आहे, मित्रांनो, आणि मला दोन ब्रेक होते. एक चालवणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारच्या सीटसमोर. कारखान्यातून निघाले तेव्हा मी चारचौघींसारखी एकाच ब्रेकची होते. पण मला घेणारे मास्तर लोकांना गाडी शिकवायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फिटरकडून माझ्या तळाला भोकं पाडून दुसरा ब्रेक बसवून घेतला. मला फार दुखलं. पुढं त्याच ब्रेकामुळं शाळेसमोर धावत आलेली एक चिमुरडी वाचली, आणि माझा रुसवा गेला.

तीस वर्षं मी शिकवणीची गाडी होते. माझ्या क्लचवर किती पाय थरथरले! एका सुईणीनं तर मला एकाच खांबावर दोनदा नेऊन आपटलं. मास्तर म्हणाले, "बाई, त्या खांबाचा काय गुन्हा?" तीच बाई तीन महिन्यांत एकटी गाडी काढून अडलेल्या बायकांकडे जाऊ लागली. लोक मास्तरांचं नाव काढत, तेव्हा मलाही मूठभर मांस चढे.

मग मास्तर थकले. मी पत्र्याच्या शेडमध्ये धूळ खात पडले. त्यांचं विसरणं वाढत गेलं. लेकीचं नावही आठवेना. तरी तिनं त्यांना माझ्या शेजारच्या सीटवर आणून बसवलं की चेहरा खुलायचा. समोरची भिंत म्हणजे रस्ता समजून ते रोज सकाळी अर्धा तास बसत.

अशात नियम आला : जुन्या गाड्या मोडीत काढायच्या, 'क्लासिक' असा दाखला असेल तेवढ्याच राहतील. लेक नर्स होती. ड्युटी संपली की ती वाहन कचेरीत खेटे घालायची आणि घरी येऊन मला पुसता पुसता बापाला सगळं सांगायची.

"साहेब विचारतात, गाडी कुणा मोठ्या माणसाची होती का? मी म्हटलं, माझ्या वडिलांची होती. तर म्हणे, तसं नाही हो ताई!"

मास्तर नुसते हसत.

शेवटी एका कारकुनाला तिची दया आली. "गाडी कारखान्यातून आली तशीच लागते," तो हळूच म्हणाला. "जास्तीचा ब्रेक काढा, वर चटई टाका. कोण बघतंय?"

दोन दिवस तिचं मन घेईना. तिसऱ्या दिवशी तिनं फिटर बोलावला. ब्रेक कापला गेला, भोकांवर पत्रा ठोकला गेला.

तपासणीला मास्तरही आले. त्यांना घरी एकटं ठेवता येत नव्हतं. ते आपल्या जागी बसले, साहेब चालवायला. इंजिन ऐकून साहेब खूश झाले. पण क्लच सोडताना मी हिसका दिला.

"घाबरू नका साहेब," मास्तर म्हणाले, "ब्रेक माझ्याकडेही आहे." आणि त्यांनी पाय दाबला.

खाली काहीच नव्हतं. त्यांनी पुन्हा दाबला. मग लहान पोरासारखे कावरेबावरे झाले. "माझा ब्रेक कुठं गेला?" ते पायानं चटई ओरबाडू लागले. चटई सरकली, पत्रा उघडा पडला.

साहेब काही वाईट नव्हते. त्यांनी वाकून त्या ठिगळावरून बोट फिरवलं.

"ब्रेक असता तर शिकवणीची गाडी म्हणून मी वर शिफारस केली असती, ताई," ते म्हणाले. "आता फेरबदल लपवला, असंच लिहावं लागणार."

 लेकीनं त्यांच्या बाजूचं दार उघडलं आणि वाकून बापाचा पाय फक्त धरून ठेवला.

आता मी भंगाराच्या आवारात उभी आहे. तिनंच मला चालवत आणलं. किल्ली देताना भंगारवाल्याला म्हणाली, "बाबांना सांगितलंय, गाडी दुरुस्तीला गेलीय. फोन आला तर तसंच सांगा, दादा."

मित्रांनो, माझ्या पुढं आता तीनच गाड्या उरल्या आहेत, म्हणून थोडक्यात सांगते. घरातली जुनी वस्तू कुणाला दाखवायची वेळ आली, तर तिचा टवका, तिचं ठिगळ, तिचं जास्तीचं काही झाकू नका, कापू तर मुळीच नका. ती कुणाच्या उपयोगी पडली, ते तिथंच लिहिलेलं असतं.