समोरचा फ्लॅट, पडल्या भावात

"तीन एकदम घ्या, प्रत्येकामागं चार लाख कमी करतो," असं बिल्डर म्हणाला, अन् जानरावानं अमरावतीचं राजापेठेतलं घर विकून अकोल्यात तीन फ्लॅट उचलले. एकात राहायचं, भाव चढला की दोन विकायचे. डोकं झकास चालवलं होतं, फक्त बाकीच्यांनीही तेच चालवलेलं. चोवीस फ्लॅटची बिल्डिंग सगळी विकली गेली, अन् राहणारा एकटा जानराव.

बायको वारलेली, पोरगी नागपूरला. बोलायला कोणी नाही म्हणून जानराव लिफ्टलाच रामराम घालायचा. गिऱ्हाइकाला ओसाड वाटू नये म्हणून आपलेच जुने जोडे त्यानं बंद दारांपुढं मांडून ठेवले होते.

एका रविवारी श्याम अन् त्याची बायको दीपमाला जानरावाचा समोरचा फ्लॅट पाहायला आले.

"शेजार भरेल दिसते," श्याम म्हणाला.

"गच्च! लिफ्टले लाइन लागते, बावा," जानरावानं ठोकून दिलं.

दीपमाला वाकून दारांपुढचे जोडे पाहत होती. "काका, इथल्या समद्याइचा पाय नऊ नंबरचाच हाये काय?"

जानराव खो खो हसला. हसता हसताच त्यानं एक जोडा पायानं सरळ केला.

"पकडलं व पोरी. सारे जोडे माह्येच. दोन-दोन दिवस तोंड उघडत नाई मी. मंग दूधवाल्याशी उगाच भांडतो, तेवढाच आवाज निंगते." त्यानं समोरच्या दाराकडं बोट केलं. "मले पडला त्याच भावात घ्या. नफा नको. पन राहाले या. तुमच्या कुकरची शिट्टी आयकू आली तरी लय झालं."

"येऊ ना काका," श्याम म्हणाला.

महिन्याभरात कागद झाले. जानरावानं समोरची फरशी स्वतः दोनदा पुसली.

चावी घ्यायला दोघं स्कूटीवर आले. दीपमालानं उंबऱ्यावर नारळ फोडला, श्यामनं दाराला नवं कुलूप घातलं.

"सामानाची गाडी मागून येते काय?" जानरावानं विचारलं.

"सामान कायचं काका? इतका सस्ता भेटला, त ठेवून देऊ म्हटलं. भाव आला का इकू."

"अन् राहाले?"

श्याम कुलूप ओढून पाहत राहिला. दीपमालानं खाली मान घालून खोबऱ्याचा तुकडा जानरावाच्या हातावर ठेवला.

"च्या तरी घ्या."

"पुढच्या टायमाले," ती म्हणाली.

लिफ्ट बंद होती. दोघं बोलत बोलत जिना उतरू लागले. जानराव कठड्याला टेकून, शेवटच्या पायरीपर्यंत त्यांचं बोलणं ऐकत उभा राहिला.