न घसरणारी मॅट

लग्नासाठी मुलगी बघताना लुटाया मास्तरांनी जेवढा वेळ घेतला नव्हता, तेवढा योगा मॅट बघताना घेतला. कंपाला शहराच्या कडेला किरेका भागात त्यांची शाळा. भौतिकशास्त्र शिकवायचे. फळ्यासमोर उभं राहून राहून कंबर अशी धरली होती की एकदा पडलेला खडू उचलायला वाकले ते तसेच राहिले, आणि वर्गातल्या पोरींनी धरून त्यांना खुर्चीत बसवलं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, रोज घरी योगासनं करा, नाहीतर जन्मभर कमरेला पट्टा. मास्तरांचे वडील पट्ट्यातच गेले होते. मास्तर मनातून पार घाबरले. पण घाबरलोय म्हणायचं कसं, म्हणून ते अभ्यासाला लागले.

शहरातलं एक दुकान त्यांनी सोडलं नाही. पातळ मॅटवर गुडघे टोचतात. फार जाड घेतली तर एका पायावर तोल राहत नाही. चकचकीत असली की घाम आला रे आला की तळवे सुटतात. मास्तर दुकानातच बूट काढायचे, मॅट उलगडायचे, हातपाय टेकून बूड आभाळाकडे करायचे आणि हात सरकतात का ते बघायचे. मग नाक लावून रबराचा वास घ्यायचे. बाकीची गिऱ्हाइकं वळसा घालून जायची.

"अहो मास्तर, मला पसंत करताना एवढं निरखून बघितलं नव्हतंत," त्यांची बायको नसाली म्हणाली.

"तुझ्यापुढे रोज डोकं टेकायचं नव्हतं."

"ते पुढे टेकलंतच की."

शेवटी मिळाली. गडद हिरवी, अस्सल रबरी, मास्तरांच्या उंचीपेक्षा वीतभर लांब. आणि खोटं कशाला बोला, गुण आला. महिन्याभरात मास्तर स्वतःच्या बुटाची नाडी स्वतः बांधू लागले. त्या दिवशी त्यांचे डोळे भरून आले.

अशात मसाकाहून सासूबाई आल्या, डोळे दाखवायला.

आता आम्हा बगांडा लोकांत सासू-जावयाचं प्रकरण नाजूक. एकमेकांना शिवायचं नाही, एका खोलीत थांबायचं नाही, एकमेकांच्या अंथरुणा-बसण्याला अंग लावायचं नाही. लावलं तर जावयाच्या हातांना कापरं भरतं आणि ते मरेपर्यंत जात नाही, असं म्हातारी माणसं सांगतात. मास्तरांना हे साफ नामंजूर. हे सगळं थोतांड आहे, असं त्यांनी लग्नाच्या मांडवातच चारचौघांत ऐकवलं होतं. पाळायला आपलं काय जातंय, म्हणून पाळायचे. सासूबाई आतल्या खोलीत, मध्ये पडदा, आणि निरोपाला नसाली.

एका सकाळी मास्तरांनी मॅट धुऊन ओसरीवर वाळत पसरली आणि शाळेत गेले. नेमकी इथंच माती खाल्ली. आमच्याकडे अंथरलेली चटई म्हणजे बसायचं आमंत्रण. दुपारी परतले तर सासूबाई मॅटच्या मधोमध, पाय एका बाजूला दुमडून, निवांत मटोक्यासाठी, म्हणजे उकडून खायची, हिरवी केळी सोलत बसलेल्या. मास्तर फाटकातूनच मागे फिरले आणि शेजाऱ्याच्या भिंतीआड उभे राहिले. त्यांना फिरताना बघून नसाली तिथं आली.

"उठव त्यांना," मास्तर कुजबुजले.

"आणि सांगू काय? जावयाच्या अंथरुणावर बसलीस म्हणून? आल्या पावली मसाकाची बस पकडेल ती. आणि तुम्हाला काय झालंय? तुम्ही तर मानत नाही."

"मानतच नाही. स्वच्छतेचा प्रश्न आहे."

"माझ्या आईच्या?"



दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मॅट उलगडली, तळवे टेकले, अंग फळीसारखं ताठ धरलं, आणि हात थरथरायला लागले. तसे ते रोजच थरथरायचे. थरथरणं हे जोर लागल्याचं लक्षण आहे, असं मोबाइलवर आसनं शिकवणारी बाई हसत हसत सांगायची. पण आजची थरथर कुठली, जोराची की दुसरी? मास्तरांनी गुडघे टेकले. पुढचे काही दिवस त्यांनी आसनं केलीच नाहीत. कंबर पुन्हा कुरकुरायला लागली तेव्हा त्यांनी तोड काढली. मॅटवर स्वच्छ चादर अंथरायची. घाम लागू नये म्हणून, बाकी काही नाही.

रविवारी नसाली बाजारात गेली आणि मास्तर चादरीवर उतरले. घर्षणाचा धडा ते वर्षानुवर्षं शिकवत आले होते. बूड वर केलं, तळवे चादरीवरून सपकन पुढे गेले आणि मास्तर धाडकन आपटले. कमरेत अशी कळ आली की जागचं हलता येईना.

पडद्यामागे हालचाल झाली.

"जावईबापू, पडलात का?" सासूबाई आजवर त्यांच्याशी थेट बोलल्या नव्हत्या.

"नाही आई. आसन आहे."

"कण्हायचं असतं त्यात?"

मास्तरांनी ओठ दाबून कण्हणं आवरलं.

"नसालीला वेळ लागेल. मी येते. काखेत हात घालून उठवते, आमच्या म्हाताऱ्याला असंच उठवायचे."

"नको, नको आई. बरा आहे मी."

"बरे कसले." म्हातारीचा आवाज पडद्याजवळ आला. "ती हिरवी मॅट तुमची, हे मला ठाऊक होतं. पहाटे तुम्ही धापा टाकता, ते ऐकू येतं. दुसऱ्या कुणाच्या घरी मेले असते पण बसले नसते. पण म्हटलं, आपला जावई शिकलेला, असलं काही मानत नाही. म्हणून बसले बाई. गुडघ्यांना काय सुख वाटलं म्हणून सांगू. मग आता कशाला लाजता? येऊ ना?"

पडद्याच्या कडेला तिची बोटं दिसली. मास्तरांनी एकदा उठायचा प्रयत्न केला. कळ मानेपर्यंत गेली आणि डोळ्यांपुढे वडिलांचा पट्टा आला.

"मी मानत नाही, आई," ते म्हणाले. "पण तुम्ही येऊ नका."

"बरं," म्हातारी म्हणाली. बोटं मागे गेली, आणि मास्तर नसालीची वाट बघत तसेच पडून राहिले.