गुंडूचं दुखणं कुठून आलं

गुंडूला आंघोळ घालताना शिवरंजनीचा हात थांबला. पोटाखाली काहीतरी टणक लागत होतं. तिने त्याला उताणं केलं आणि बघतच राहिली. गुंडू पाच वर्षांचा पॉमेरेनियन, नर. पण नुकत्याच व्यालेल्या कुत्रीचे असावेत तसे त्याचे आचळ सुजून वर आले होते. तिने पुन्हा बोट लावून पाहिलं. मग साबण तसाच ठेवून तिने सासऱ्यांना हाक मारली.

केस गळायला लागून बरेच महिने झाले होते. आधी मांड्यांच्या मागचे गेले, मग दोन्ही कुशींवर टक्कल पडलं आणि कातडी काळपट दिसू लागली. पोटही सुटलं. मुलगी कीर्ति शिकायला कोइंबतूरला गेली तेव्हा हा कुत्रा पांढऱ्या लोकरीच्या गोळ्यासारखा होता. तमिळमध्ये गोलमटोल असलेल्याला गुंडू म्हणतात, म्हणून तिनेच ते नाव ठेवलं होतं. आता गल्लीतली मुलं त्याला बघून हसत.

सासरे जानकीराम सर्वेक्षण खात्यातून निवृत्त झालेले, वय शहात्तर. त्यांच्या मते सगळा दोष इडल्यांचा होता. त्यांनी इडली बंद केली, ताकभात निम्मा केला, मग त्याचाही निम्मा. वजन काही उतरलं नाही. शेजारणीने सांगितलं म्हणून कडुनिंबाचं तेल लावून झालं, आधीच्या डॉक्टरांनी दिलेलं खरजेचं औषध झालं. गुंडू रिकामं भांडं चाटत बसे आणि शिवरंजनी कॉलेजातून आली की तिच्या मांडीवर चढून तिचे हात चाटे. ती वनस्पतिशास्त्र शिकवायची. दिवसभर बोलून दमलेली असे, त्यामुळे त्याला तसंच जवळ घेऊन बसून राही. नवरा कृष्णकुमार मस्कतला होता. घरात सासरे, सून आणि हा कुत्रा, एवढेच.

जानकीरामांनी आचळ पाहिले आणि चपला घातल्या. रिक्षा करून दोघं दारासुरमच्या रस्त्यावर नव्याने दवाखाना उघडलेल्या डॉक्टर बालाजींकडे गेले.

बालाजी तिशीतले होते. त्यांनी गुंडूला बराच वेळ तपासलं, रक्त घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. थायरॉइड ठीक होतं, पण रक्त फार कमी झालं होतं. गुंडूची नसबंदी झाली आहे का, ते त्यांनी विचारलं. लहानपणीच झाली होती. मग बायकांचं हे हार्मोन त्याच्या अंगात बाहेरून येतंय, असं ते म्हणाले. नंतर टेबलाकडे बघत त्यांनी तमिळमध्ये विचारलं, घरात कुणी बाई अंगाला हार्मोनचं औषध लावते का? जेल, स्प्रे, असं काही?

गुंडूचे पाय धरून उभे असलेले जानकीराम लगेच म्हणाले की आमच्याकडे तसं कुणी नाही.

हा प्रश्न आपल्याविषयी आहे हे शिवरंजनीच्या आधी लक्षातच आलं नाही. दोन वर्षांपूर्वी तंजावरला तिचं ऑपरेशन झालं होतं. गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं काढली, तेव्हा ती एकेचाळीस वर्षांची होती. त्यानंतर अंगाची आग व्हायची, घामाने साडी भिजायची, वर्गात रोजच्या झाडांची नावं आठवेनाशी झाली. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी एक जेल दिलं होतं. रोज सकाळी ती ते दोन्ही हातांना कोपरापर्यंत चोळायची. ऑपरेशन झालं हे सासऱ्यांना माहीत होतं. काय काढलं, ते मात्र घरात कुणी उच्चारलं नव्हतं.

"मी लावते," ती म्हणाली. "दोन्ही हातांना."

जानकीरामांनी मान वर केली नाही.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. तुम्हाला जेवढं लागतं तेवढं चार किलोच्या जिवाला फार होतं. तो हात चाटतो, हातावर झोपतो, ते त्याच्या अंगात जातं. केस, पोट, आचळ, सगळं त्यामुळेच. असंच आणखी चाललं असतं तर हाडांत रक्त तयार होणंच थांबलं असतं. इतके महिने शिवरंजनी त्याला दवाखान्यांत घेऊन फिरत होती, आणि घरी आली की त्याच हातांनी त्याला कुशीत घेत होती.

परतताना रिक्षात गुंडू जानकीरामांच्या मांडीवर होता आणि तिच्याकडे मान लांब करत होता. तिने दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले. मामंजींना लाज वाटली असणार, असं तिला वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून तिने जेल लावणं सोडलं. कुणाला सांगितलं नाही. थोड्याच दिवसांत पूर्वीचं सगळं परत आलं. वर्गात फळ्यावर अर्धं वाक्य लिहून ती खडू हातात धरून उभी राहिली, पुढचं सुचेना. एका सकाळी सांबार करपल्याचा वास आला म्हणून जानकीराम स्वयंपाकघरात आले, तर ती घामाने निथळत जमिनीवर बसली होती. त्यांनी आधी गॅस बंद केला.

बाहेर ते तमिळ बोलत. घरात मात्र त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची जुनी तंजावरी मराठी.

"तें औषध सोडलंस कां?" त्यांनी विचारलं.

"गुंडू बरा होईपर्यंत, मामंजी."

"डॉक्टरांनीं तसं सांगितलं नाहीं. मी तिथेंच होतों." ते उंबऱ्याशी थांबले. "कुत्रा माझ्याकडे राहील. तूं औषध लाव. कुत्र्यासाठीं तुझं अंग मोडूं नको."

मग भिंतीकडे बघत त्यांनी पुढचं सांगितलं. त्यांनी बालाजींना फोन केला होता. सुनेने औषध न सोडता कुत्रा कसा वाचेल, असं स्पष्ट विचारलं होतं. कपड्याखाली झाकेल अशा जागी, मांडीला लावायचं, पण आधी तिच्या डॉक्टरीणबाईंना विचारून. मग हात साबणाने धुवायचे. अंगाला लावलेलं पुरतं सुकेपर्यंत आणि नंतरही बराच वेळ कुत्र्याला जवळ घ्यायचं नाही. हे सगळं ते शाळेतला धडा म्हणावा तसं एका दमात म्हणाले.

शिवरंजनी थक्क होऊन ऐकत राहिली. बायकांच्या दुखण्याचं नाव निघालं की हा माणूस उठून अंगणात जायचा. सासूबाई होत्या तेव्हाही तसंच. त्याने दवाखान्यात फोन करून, अनोळखी माणसाला, सुनेच्या औषधाविषयी विचारलं होतं. तिला रडू आलं. जानकीराम घाईने करपलेलं भांडं उचलून मोरीत ठेवायला गेले.

डॉक्टरीणबाईंनी फोनवर हो म्हटलं आणि त्याच दिवशी तिने जेल पुन्हा सुरू केलं. आता ती घरातही लांब बाह्यांचे ब्लाउज घालू लागली. तिच्या जुन्या चादरी, उशीचे अभ्रे, सगळं गरम पाण्यातून निघालं. गुंडूचं अंथरूण जानकीरामांच्या खोलीत गेलं. सुरुवातीला तो तिच्या दाराशी बसून कण्हायचा आणि ती आतून ऐकायची. उघड्या कातडीला ऊन आणि डास सोसेनात, म्हणून तिने कीर्तिच्या जुन्या सुती कुर्त्याच्या त्याला दोन बंड्या शिवल्या. जानकीरामांनी ताकभात पुन्हा पहिल्याइतका केला, वर उकडलेलं गाजर. आपण त्याला विनाकारण उपाशी ठेवलं, असं ते एकदा जेवताना म्हणाले आणि मग बराच वेळ घास हातात धरून बसले.

काही आठवड्यांत आचळ बसले. पुढच्या तपासणीत रक्त वाढलेलं निघालं, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर शिवरंजनीला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. केसांना फार वेळ लागला. आधी पिसासारखी बारीक लव आली, मग डाव्या कुशीवर पांढऱ्याऐवजी तांबूस केस उगवले. उजवीकडे रुपयाएवढी जागा तशीच राहिली. पोट हळूहळू आत गेलं.

पोंगलच्या सणाला कृष्णकुमार आणि कीर्ति घरी आले. तोवर डॉक्टरांनी सांगितलं होतं की काळजी घेऊन थोडा वेळ जवळ घ्यायला हरकत नाही. शिवरंजनीने संध्याकाळी हात धुतले, बाह्या मनगटापर्यंत ओढल्या आणि गुंडूला बोलावलं. तो आला. तिच्या मांडीवर चढला, थोडा वेळ बसला. मग जानकीरामांच्या काठीचा आवाज आला तसा उतरून त्यांच्या मागे गेला.

"अम्मा, तुला आता विसरलाच तो," कीर्ति हसून म्हणाली.

शिवरंजनीला ते लागलं. तरी तो तुरुतुरु चालत गेलेला ती दारापर्यंत बघत राहिली, आणि मग सगळ्यांची पानं घ्यायला उठली.