अकरावे प्रकरण

सदतीस सालच्या ज्येष्ठात भुवनेश्वरीला मद्रासहून पत्र आले आणि दहा महिने सुरळीत चाललेली तिची कादंबरी अडली.

कुंभकोणमच्या त्या गल्लीत कोणी बाई कादंबरी लिहिते, हेच मुळी नवल होते. भुवनेश्वरीच्या सासरचे लोक कधीकाळी तंजावरच्या दरबारात कारकून होते. घरात अजून मराठी चाले, तीही इतकी जुनी की पुण्याकडचा एक पाहुणा म्हणाला होता, "तुम्ही माणसे बखरीतून बोलता." पण भुवनेश्वरी लिहायची ती तमिळमध्ये. नवरा सेतुराम राव शाळेत गणित शिकवीत. ते शाळेत गेले, की ती पुढच्या ओट्यावर बसून लिही. मद्रासचे एक मासिक दर महिन्याला एक प्रकरण छापी. अंबुजा आणि कोकिळा या दोन मैत्रिणी देवळाजवळ खानावळ काढतात आणि नेटाने चालवतात, अशी ती गोष्ट होती.

प्रत्येक प्रकरण मद्रासला जाण्याआधी सरोजाला वाचून दाखवायचे, हा नेम होता. सरोजा दारासुरमच्या विणकर आळीतली. दोघी लहानपणी एकाच शाळेत होत्या. तिसरीनंतर सरोजाला बापाने मागावर बसवले, पण मैत्री राहिली. विणकर आळीतल्या बाकी बायका भुवनेश्वरीला 'अम्मा' म्हणत. सरोजा सरळ 'भुवना' म्हणे. दर शुक्रवारी गावात साड्या पोचवायला आली की ती ओट्यावर टेकायची, कॉफी प्यायची आणि ऐकायची.

पत्र संपादक पद्मनाभन यांचे होते. "तुमच्या दोघी मैत्रिणी दहा प्रकरणे भजी तळतात आणि एकमेकींवर माया करतात. वाचक जांभया देऊ लागले आहेत. अकराव्या प्रकरणात कोकिळेची नजर अंबुजेच्या नवऱ्यावर जाऊ द्या. नाही तर बाराव्यात गोष्ट आटोपू. पंधरा दिवसांनी एका लग्नासाठी कुंभकोणमला येतो आहे, तेव्हा प्रकरण हातात द्यावे."

भुवनेश्वरीला राग आला, पण गोष्ट बंद पडेल ही भीतीही वाटली. असले कसे लिहायचे, ते तरी पाहावे म्हणून ती रविवारी दुपारी सरोजाला घेऊन बोलपटाला गेली. पडद्यावर दोन मैत्रिणी झोपाळ्यावर बसून गात होत्या. मग राजपुत्र आला. मध्यंतर झाले. मध्यंतरानंतर एकीने दुसरीच्या दुधात विष कालवले.

"मैत्रीण म्हणजे मध्यंतरापर्यंतची सोय दिसते," बाहेर येताना सरोजा म्हणाली.

भुवनेश्वरी हसली, पण घरी जाऊन तिने तेच लिहिले. दोन दिवसांत प्रकरण झाले. कोकिळेचे चोरटे कटाक्ष, अंबुजेचे अश्रू, सगळे आपोआप उतरत गेले. इतके सोपे लिखाण तिने आजवर केले नव्हते.

शुक्रवारी तिने ते वाचून दाखवले. सरोजाने कॉफीचा पेला खाली ठेवला तो पुन्हा उचललाच नाही.

"त्या कोकिळेला एवढा वेळ मिळतो कधी?" तिने विचारले. "पहाटे चारला उठते. साठ माणसांचा स्वैपाक करते. ही नजर टाकते कधी, भांडी घासताना?"

"वाचकांना असंच लागतं म्हणतात."

"भांडण लागत असेल. मग भांडण लिही की! आपण भांडलो नाही काय?"

भुवनेश्वरीचा चेहरा उतरला. "ते नको."

"का नको? मी आठ महिने तुझ्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. ते काय नवऱ्यावरून?"

ते नवऱ्यावरून नव्हते. सहा वर्षांपूर्वी भुवनेश्वरीच्या नणंदेच्या लग्नासाठी सरोजाने हिरवी साडी विणली होती, लाल काठाची. वरपक्षाच्या बायकांनी काठ वाकडा आहे म्हणून नाक मुरडले. काठ वाकडा नव्हता. पण सासूने भुवनेश्वरीकडे पाहिले, तशी भुवनेश्वरीच बोलून गेली, "हो, यंदा सरोजानं हयगय केली खरी." सरोजा तिथेच ओट्याखाली उभी होती. तिने साडी घडी घालून काखेत मारली आणि ती निघून गेली.

"ते लिहिलं तर अंबुजा वाईट दिसेल," भुवनेश्वरी हळूच म्हणाली.

"तू वाईटच वागली होतीस," सरोजा म्हणाली. "मीही काही देवी नव्हते. आळीभर सांगत सुटले होते, की बामणाच्या बाईशी मैत्री म्हणजे केळीच्या पानावरचं पाणी. तेही लिही. दोघींचं लिही, तरच लिही."

सरोजा गेल्यावर भुवनेश्वरीने मागची दहाही प्रकरणे काढून वाचली. संपादकाचे अगदीच चुकले नव्हते, हे तिला उमगले. दहा प्रकरणांत तिने दोघींना नुसते गोड ठेवले होते. आपली लाज झाकायलाच आपण त्यांना भांडू दिले नाही. तिने ते सोपे प्रकरण फाडून बंबात घातले आणि नवी दौत काढली.

या वेळी चार दिवस लागले. खानावळीत एक बडे गिऱ्हाईक कोकिळेच्या हातच्या स्वैपाकाला नावे ठेवते आणि अंबुजा, खरे ठाऊक असूनही, गिऱ्हाइकाच्या बाजूने बोलते. एवढेच. ते एक वाक्य अंबुजेच्या तोंडी घालायला भुवनेश्वरीला अख्खा दिवस लागला. प्रकरणाच्या शेवटी कोकिळा स्वतःची कढई डोक्यावर घेऊन निघून जाते.

पद्मनाभन लग्नाचे जेवण आटोपून आले. सेतुराम रावांनी त्यांना ओट्यावर बसवले आणि स्वतः मुद्दाम आत जाऊन बसले. "तुझी गोष्ट आहे, तूच बोल," असे ते सकाळीच म्हणाले होते. दिवस शुक्रवार नव्हता, तरी सरोजा आली होती आणि खांबाला टेकून उभी होती.

संपादकांनी प्रकरण वाचले, चष्मा काढला.

"यात नवरा कुठे आहे?"

"बाजारात गेला आहे. भाजी आणायला," भुवनेश्वरी म्हणाली.

"अहो, मी काय सुचवलं होतं? बायकांची मैत्री मोडते ती पुरुषापायी. जगात हेच चालतं."

"तुमच्या जगात चालत असेल," खांबापासून सरोजा बोलली. "आमची मोडते ती कामाला नावं ठेवली म्हणजे."

पद्मनाभननी दचकून तिच्याकडे पाहिले. भुवनेश्वरी ताठ बसली. "हे प्रकरण असंच छापा. शब्द बदलायचा नाही. जमत नसेल तर परत द्या. पुढची गोष्ट मी गल्लीतल्या बायकांना इथेच बसून वाचून दाखवेन."

कागद संपादकांच्या हातातच होते. त्यांनी शेवटचे पान पुन्हा उलटले, पुन्हा वाचले.

"कढई घेऊन गेली," ते म्हणाले. "मग? परत बोलतात का दोघी?"

"बाराव्यात नाही."

"बाराव्यात नाही?"

"आठ महिने बोलत नाहीत," सरोजा म्हणाली.

"मग पुढे?"

"पुढचं पुढच्या महिन्यांत," भुवनेश्वरी म्हणाली. पद्मनाभननी कागदांची घडी केली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि आणखी एक कॉफी मागितली.

अकरावे प्रकरण छापून आले आणि पत्रे यायला लागली. कोणी अंबुजेला शिव्या घातल्या, कोणी लिहिले, "मीही माझ्या मैत्रिणीशी अशीच वागले." तिरुवलंचुळीच्या एका म्हातारीने नातीकडून लिहवून घेतले होते, की त्यांना लवकर बोलायला लावा, माझे वय झाले आहे.

तेराव्या प्रकरणात त्या बोलल्या. भुवनेश्वरीने घडले तसेच लिहिले, फक्त मागाऐवजी चूल घातली. खरे घडले ते असे. भांडणानंतर आठ महिन्यांनी भुवनेश्वरी जटक्यात, भाड्याच्या घोडागाडीत, बसून एकटीच दारासुरमला गेली. माफीचे शब्द वाटेत पाठ केले होते, ते दारातच विसरले. सरोजाने मान वर केली नाही. नुसती गुंतलेल्या रेशमाची एक लड तिच्यापुढे टाकली. भुवनेश्वरी जमिनीवर बसली आणि दुपारभर गुंता सोडवत राहिली. दोनदा धागा तुटला. तिसऱ्यांदा तुटला तेव्हा सरोजा ओरडली, "अगं, ओढू नकोस, सैल सोड!" ते त्यांचे पहिले बोलणे.

कादंबरी एकोणीस प्रकरणे चालली. पुढच्या वर्षी तिचे पुस्तक निघाले. छापखान्यातून पहिली प्रत आली ती भुवनेश्वरीने दारासुरमला नेली. सरोजाने माग थांबवला, हात पुसले आणि एकेक अक्षर लावत पहिले पान मोठ्याने वाचायला सुरुवात केली. आळीतल्या बायका दारात जमल्या. एकीने मध्येच काही विचारले, तर सरोजा म्हणाली, "गप्प बस, मला वाचू दे."