सात नंबरचं फडकं

वाचनालयातली मुलं तिला शिक्केबाई म्हणायची. पुस्तकावर परतीच्या तारखेचा शिक्का तीच मारायची आणि कुणी उशीर केला की चष्म्यावरून नुसतं बघायची, तेवढं पुरायचं. तिच्या नवऱ्याला सगळी वस्ती भोंगा म्हणत असे. मोठ्या लाँड्रीतला बॉयलर वीस वर्षं त्याच्या ताब्यात होता आणि पाळी सुटली की भोंगा त्याच्याच हाताने वाजायचा. आवाजही त्याला तसाच मिळाला होता. त्याने कानात काही सांगितलं तरी शेजारचे वळून बघायचे.

वाचनालय दरवर्षी एका रविवारी आपल्या अंगणात मेळा भरवायचं. एका टेबलावर बिघडलेले पंखे आणि इस्त्र्या दुरुस्त करून मिळत, दुसऱ्यावर बियांची अदलाबदल चाले, कुंपणापाशी सायकली ठीकठाक होत. धूर कमी, कचरा कमी, झाडं जास्त, असा सगळा मामला. यंदा ग्रंथपालबाईंच्या डोक्यात नवीनच आलं. वस्तीत बारा ठिकाणी पांढरी फडकी टांगायची, दोन आठवडे हवेत राहू द्यायची आणि मग ओळीने मांडायची.

"हवेचे आकडे कुणी वाचत नाही," त्या म्हणाल्या. "मळलेलं फडकं सगळ्यांना कळतं."

काम अर्थातच शिक्केबाईच्या गळ्यात पडलं. तिने जुन्या चादरी फाडल्या, लाकडी चौकटींवर ताणून बसवल्या आणि शिडी घेऊन गल्लोगल्ली फिरली. सात नंबरचं फडकं लाँड्रीमागच्या शाळेच्या भिंतीवर लागलं. अकरा नंबरचं बागेत, माळ्याच्या खोलीशेजारी.

गुरुवारी तिची नणंद वाचनालयात आली. ती त्याच लाँड्रीत इस्त्री खात्यात होती. पुस्तक वगैरे काही घेतलं नाही, टेबलावर हात टेकून उभी राहिली.

"ते शाळेच्या भिंतीवरचं फडकं तुझंच ना?"

"वाचनालयाचं आहे, वन्सं."

"कुणाचं का असेना. आमच्या पोटावर नको येऊ देऊ म्हणजे झालं. खात्यात बावीस बायका आहोत आम्ही."

शनिवारी दुपारी शिक्केबाईने सगळी फडकी उतरवून वाचनालयाच्या मागच्या खोलीत आणली. बहुतेक राखाडी झाली होती, रस्त्याच्या धुळीसारखी. सात नंबरचं काळं होतं. तिने बोट लावलं तर काजळी बोटाला चिकटली.

कारण तिला ठाऊक होतं. बॉयलरचा धूर धुराड्यात जाण्याआधी कापडी पिशव्यांच्या गाळणीतून जायला हवा. त्या पिशव्या कधीच्या तुंबल्या होत्या आणि मॅनेजर नव्या आणत नव्हता. धूर अडला की भट्टी गुदमरते, वाफेचा दाब पडतो. म्हणून रोज सकाळी बाजूची झडप उघडून धूर परस्पर धुराड्यात सोडायचा, असा हुकूम होता. झडप उघडायचा तिचा नवरा. घरी येऊन चिडचिड करायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडायचा.

तिने खोलीचं दार लोटून घेतलं. मग सात नंबरची चिठ्ठी काढून अकरावर टाचली आणि अकराची सातावर. बागेतलं फडकं काळं निघालं तर कुणाचं काय बिघडतंय, तिने मनाशी म्हटलं. झाडांना कुणी कामावरून काढत नाही.

रविवारी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. भोंगा सुट्टी असल्यामुळे दुरुस्तीच्या टेबलावर बसला होता, समोर उघडलेल्या इस्त्र्यांची रांग. लाँड्रीचा मॅनेजरही आला होता. सातव्या फडक्याशेजारी उभं राहून त्याने फोटो काढून घेतला. "बघा, आमच्यामागची भिंत. उगाच लोक नावं ठेवतात!"

पण गर्दी जमली होती ती अकराव्या फडक्यापुढे.

"बागेत एवढं काळं?" कडेवर पोर घेतलेली एक बाई म्हणाली. "आम्ही रोज नेतो हो याला तिथे."

"माळी पाला जाळत असणार," कुणीतरी म्हणालं.

माळी तिथेच होता, रोपं वाटायला आलेला. पासष्टी उलटलेला, कानाने थोडा कमी. आपल्याबद्दल बोलतायत हे कळायलाच त्याला वेळ लागला.

"नाही हो, मी पाला खड्ड्यात कुजवतो. जाळत नाही."

"मग हे काय आभाळातून पडलं?"

"खरंच जाळत नाही मी," तो म्हणाला. हातातलं रोप त्याने खाली ठेवलं, पुन्हा उचललं. लोक त्याच्याभोवती दाटले. एक जण तक्रारीचा अर्ज लिहायला कागद मागू लागला.

शिक्केबाई चार पावलांवर उभी होती. आता बोल, आता बोल, असं ती स्वतःला बजावत होती. वन्सं कोपऱ्यातून तिच्याकडेच बघत होत्या.

तेवढ्यात भोंगा हात पुसत गर्दीत शिरला. त्याने फडक्यावर अंगठा घासला, नाकाशी नेला.

"हे बागेतलं नाही."

त्याच्या आवाजाने सायकलींपाशी उभे असलेलेही वळले.

"पाल्याची राख फुंकर मारली की उडते. ही बघा, चिकट. ओल्या लाकडाची काजळी आहे ही. आमच्या बॉयलरची."

"भोंग्या, तू तुझ्या इस्त्र्या बघ," मॅनेजर म्हणाला.

"बघतोच आहे, साहेब. त्या म्हाताऱ्याला कशाला धरलंय सगळ्यांनी?" आणि मग त्याने सगळं सांगून टाकलं: तुंबलेल्या पिशव्या, बाजूची झडप, रोजचा हुकूम. "आणि उघडतो कोण? मीच उघडतो. वर्ष झालं."

ग्रंथपालबाईंनी अकरावं फडकं पाहिलं, मग सातवं. आणि त्या शिक्केबाईकडे वळल्या.

"चिठ्ठ्या तुम्ही लावल्यात ना?"

"हो."

"मग ही अदलाबदल? चुकून?"

दार उघडून दिल्यासारखा तो प्रश्न होता. शिक्केबाई त्यातून मुकाट्याने बाहेर पडली.

"चुकून," ती म्हणाली.

नवऱ्याने तिच्याकडे एकदाच बघितलं आणि तो आपल्या टेबलाकडे गेला.

पुढचं भराभर झालं. तपासणीला माणसं आली, बॉयलर बंद झाला. मॅनेजरने भोंग्याला बोलावून सांगितलं, झडप मीच उघडतो असं तू चारचौघांत कबूल केलंयस, आम्ही तर कधी लेखी सांगितलं नव्हतं. नोकरी गेली, तो घरी बसला. इस्त्री खात्यातल्या बायकांनाही घरी पाठवलं. वन्संनी भावाशी बोलणं सोडलं नाही, भावजयीशी मात्र सोडलं. रस्त्यात समोरून आल्या की त्या पलीकडे जायच्या. वाचनालयातली नोकरी राहिली, पण पुढच्या वर्षीच्या फडक्यांचं काम ग्रंथपालबाईंनी दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकलं. का, ते त्या बोलल्या नाहीत.

दीड महिन्याने लाँड्री गॅसवर सुरू झाली. बायका परत कामावर गेल्या. भोंग्याला कुणी बोलावलं नाही. त्याला एका रुग्णालयात काम मिळालं, त्याच्या निम्म्या वयाच्या माणसाच्या हाताखाली.

पहिल्या दिवशी कामावरून आल्यावर तो चहा घेत बसला होता. त्या रविवारबद्दल तो इतके दिवस चकार शब्द बोलला नव्हता.

"चुकून," तो म्हणाला. त्याला जमेल तितक्या हळू.

तिने मान खाली घातली. "तुमच्यासाठी केलं. वन्संसाठी."

"ते कळलं मला. तिथे उभा होतो तेव्हाच कळलं." त्याने कप खाली ठेवला. "मला एवढंच सांग. मी बोललो नसतो तर तू बोलली असतीस?"

खोटं बोलणं सोपं होतं. एकदा जमलंही होतं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

त्याने मान हलवली आणि तो आंघोळीला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, वाचनालय उघडायला जाण्याआधी, ती बागेत गेली. माळी वाफ्यात बसून तण काढत होता. ती त्याच्या शेजारी उकिडवी बसली आणि त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तिने सांगितलं. चूक नव्हती. चिठ्ठ्या तिने जाणूनबुजून बदलल्या होत्या.

तो हात न थांबवता ऐकत राहिला. मग म्हणाला, "तुमच्या यजमानांनी लगेच सोडवलं मला. जेमतेम दहा मिनिटं गेली असतील."

"हो."

"पण त्या दहा मिनिटांत, बाई, मलाच वाटायला लागलं होतं. एवढे सगळे म्हणतायत, तर जाळला असेन मी पाला. जाळला असेन आणि विसरलो असेन. हल्ली विसरतो मी." त्याने एक मुळी ओढली, माती झटकली. "इथे परत येऊन खड्डा उकरून बघितला. पाला होता सगळा."

तो पुढच्या वाफ्याकडे सरकला. ती बराच वेळ तिथेच बसून राहिली, आणि त्या दिवशी वाचनालय पहिल्यांदाच उशिरा उघडलं.