मी पट्टीवरून सुटलो होतो

मित्रांनो, मी एक जुना थर्मामीटर आहे. तापात तोंडात धरतात तो नव्हे. मी तांदळाच्या दाण्याएवढा आहे आणि माझं आयुष्य प्रयोगशाळेतल्या शीतपेटीत गेलं. तिथल्या थंडीपुढे बर्फसुद्धा ऊबदार म्हणायचा.

माझ्या मालकीणबाई भौतिकशास्त्राच्या प्राध्यापक. काही धातू अतिशय थंड झाले की त्यांतून वीज विनाअडथळा वाहते. त्यांना अतिवाहक म्हणतात. क्वांटम संगणकासाठी बाई असाच एक नवा धातू शोधत होत्या. त्याच्या पट्टीवर मला वार्निशने चिकटवत आणि मी तिचं तापमान सांगे. बारा वर्षं मी चुकलो नाही. बाई पाहुण्यांपुढे माझं कौतुक करत आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढे.

पेटी बंद करण्याआधी मी घट्ट चिकटलोय ना, हे दातकोरणीने हलकेच ढकलून बघायची तिथे रीत होती. त्या दिवशी बाईंची विद्यार्थिनी दातकोरणी घेऊन आलीही. तिचा तीन वर्षांचा प्रबंध त्या पट्टीवर उभा होता.

"अगं, त्याला काय तपासतेस? तो कधी चुकत नाही. लाव झाकण," बाई हसून म्हणाल्या.

ते ऐकून मी सुखावलो. याचीच मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते, कारण माझ्याखालचं वार्निश तडकलं होतं.

थंडी वाढताच मी सुटलो आणि तारांना लोंबकळत राहिलो. पट्टी गारठत गेली, पण मला तारांमधून ऊब मिळत होती आणि मी तीच सांगत राहिलो. वीज विनाअडथळा वाहू लागली तेव्हा पट्टी माझ्या आकड्याहून कितीतरी थंड होती. सगळ्यांना वाटलं, हा धातू एवढ्याशा थंडीतच अतिवाहक होतो. पेटी न उघडता त्यांनी तीनदा मोजलं, आणि तिन्ही वेळा मी तेच खोटं सांगितलं. शोधनिबंध छापून आला, दोघींचं नाव झालं.

दुसऱ्या प्रयोगशाळेत मात्र ते कुणालाच जमेना. शेवटी बाईंनी पेटी उघडली. मी तारांना लोंबकळताना दोघींना दिसलो. बाईंनी त्याच दुपारी निबंध मागे घेतला आणि भरसभेत उभं राहून सांगितलं, "ही तपासायला निघाली होती. मी अडवलं."

तरी त्या मुलीची तीन वर्षं पाण्यात गेली. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मला कुणी बोल लावला नाही. तिनेच मला पुसून डबीत ठेवलं.

मित्रांनो, ज्याच्यावर तुमचा पुरेपूर भरवसा असेल, त्यालाही तपासत जा. त्यात त्याचा अपमान नसतो, काळजी असते. मला त्या दिवशी कुणी नुसतं हलवून पाहिलं असतं, तर आज त्या मुलीला तोंड दाखवता आलं असतं.