पाच सफाईवाले

दुसरा दगड सर्व्हर रूमची काच फोडून आला आणि कारखान्याचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या कमलाकांतचा चहा घेऊन टेबलाखाली गेला.

"साहेब, हजेरीचं मशीन कधी चालू होनार?" फोनवर सिक्युरिटीचा निमेश ओरडत होता. "पब्लिक गेट तोडतंय! लाठी काढू काय?"

"अरे, दोन मिनिटं थांब. काही काढू नकोस."

मागून ज्या किंकाळ्या आल्या त्यावरून लाठी आधीच निघाली होती.

तारापूरच्या त्या रसायन कारखान्यात अंगठा जुळला तरच गेट उघडे. अंगठ्यांचे ठसे होते सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये, आणि त्याचा केर काढणारे प्रोग्राम, म्हणजे सफाईवाले, पडद्यामागे चालत. ते फार रेंगाळतात म्हणून कमलाकांतने काल सढळ हाताने त्यांना चार जीबी मेमरी मंजूर केली होती. सफाईवाले पाच, आणि मंजुरी प्रत्येकाला स्वतंत्र लागू होते, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. पाच चोक वीस, आणि सर्व्हरकडे सगळी मिळून सोळा जीबी. मेमरी संपली की सर्व्हर वाद घालत बसत नाही. सगळ्यात मोठा खादाड बघतो, इथे डेटाबेसच, आणि त्याची मान मुरगळतो. डेटाबेस पुन्हा उठवला, की पाचही जण एकदम कामाला लागत. असा उत्साह कारखान्यात दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

डेटाबेसचा तिसऱ्यांदा मुडदा पडल्यावर कमलाकांतला आपली मंजुरी दिसली. त्याने ती कापली, सफाईवाले दोनच ठेवले आणि खाली धावला.

मशीन सुरू झालं होतं. जव्हारकडून कंत्राटावर आलेला देवू गेटबाहेर बसला होता. डोकं फुटलेलं, उजवा अंगठा चेचलेला. बायको तानी त्याला धरून होती.

"गाडी काढ, दवाखान्यात ने त्याला!" कमलाकांत निमेशला म्हणाला.

"हजेरी नाय लागली त्याची," निमेश म्हणाला. लाठी अजून ओली होती. "हजेरी नाय तर आपला कामगार नाय. गाडी कशी देनार?"

"मंग मारला कोनाला?" तानीने विचारलं. "पावन्याला?"

"मी वरून नोंद घालतो. चूक माझीच आहे."

"त्याला मोठ्या साहेबांची सही लागते. ते जेवून येतात."

देवूने अंगठा टेकवला. 'ओळख पटली नाही. पुन्हा प्रयत्न करा,' मशीन गोड आवाजात म्हणालं.

मागच्या रांगेने हातातले दगड खाली ठेवले. तानीने पदराने आधी मशीनची काच पुसली, मग नवऱ्याचा अंगठा.

"ठेव," ती म्हणाली.